सुरावट: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: नमस्कार दादा, काकांनी त्यांची बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' एलपी मला दिली, स्टीरिओवाली. हेडफोनवर 'टॅक्समन' लावलं तर ड्रम, बास, गिटार सगळं डाव्याच कानात. 2022 च्या नवीन एडिशनमध्ये मात्र सगळं मस्त पसरलंय. भाऊ म्हणतो ते एआयने बनवलंय, खोटं आहे. मग खरं कुठलं? जुनी विकून टाकू का?
(एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: विकू नका हो! आधी भावाचं बघू. 1966 साली लंडनच्या ईएमआय स्टुडिओत फोर ट्रॅक मशीन होतं, म्हणजे टेपवर जागाच चार, त्यामुळे 'टॅक्समन'चे ड्रम, बास आणि गिटार एकाच ट्रॅकवर गेले आणि मग स्टीरिओ करताना तो अख्खा गठ्ठा एका बाजूला ठेवावा लागला. साबुदाणा खिचडीतलं दाण्याचं कूट परत वेगळं काढायचं, इतकं अवघड काम होतं ते. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या टीमने 'गेट बॅक' या बीटल्सवरच्या माहितीपटासाठी जे सॉफ्टवेअर बनवलं ते ड्रमचा आवाज कसा, गिटारचा कसा हे शिकून त्याच जुन्या टेपमधून एकेक वाद्य सुटं करतं. नवीन कोणी काही वाजवलेलं नाहीये, वाजवणारे मूळचेच. मग जाइल्स मार्टिन आणि सॅम ओकेल यांनी ते मिक्स केलं, म्हणजे सुटे आवाज नव्याने एकत्र बसवले, आणि जाइल्स म्हणजे मूळ प्रोड्युसर जॉर्ज मार्टिन यांचा मुलगा. त्यामुळे खोटं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

पण एक सांगतो, त्या काळी खरी मेहनत मोनो मिक्सवर, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो त्यावर व्हायची, स्टीरिओ नंतर उरकायचे. 2022 च्या मोठ्या बॉक्समध्ये मोनो पण आहे, ते नक्की ऐका. माझ्या मते त्यातलं 'टुमॉरो नेव्हर नोज' हे गाणं मोनोतच अंगावर येतं. त्यातले ते विचित्र आवाज टेपच्या लूपचे, म्हणजे टोकं जोडून गोल केलेल्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या टेपच्या तुकड्यांचे आहेत, स्टुडिओच्या वेगवेगळ्या खोल्यांत मशीनी चालू आणि माणसं पेन्सिलीवर लूप ताणून धरून उभी, असं ते रेकॉर्ड झालंय, आणि जॉन लेननचा आवाज ऑर्गनच्या फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलाय!

नवीन मिक्समध्ये मात्र 'लव्ह यू टू' हे गाणं सोडू नका. तबल्यावर अनिल भागवत आहेत, कव्हरवर त्यांचं नाव छापलंय, बीटल्स बाहेरच्या वादकांची नावं सहसा छापत नसत तेव्हा ही मोठीच गोष्ट. आपल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून तो तबला कान देऊन ऐकायला नको का?

आणि काकांची एलपी लावण्याआधी प्लेअरची सुई बघून घ्या, झिजलेली असेल तर बदला, नाहीतर रेकॉर्डच्या खाचा कायमच्या खराब होतात.