वाचक विचारतात : भिंतभर पडदा आणि समुद्रातली चोरी

प्रश्न : बातम्यांत नियंत्रण कक्षातला भिंतभर एलईडी पडदा दाखवला, त्यावर बोटींचे ठिपके. एवढ्याने बेकायदा मासेमारी थांबते? — एक वाचक, मिरज

उत्तर : भाऊ, चोर पकडते ती गस्ती नौकाच; पण तिला कुठे धाडायचं, ते हा पडदा सांगतो. राज्याची हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल. नकाशावर ती रेघ, त्यावर ट्रान्सपाँडर (बोट कुठे आहे ते कळवणारं यंत्र) लावलेल्या बोटी आणि शेजारी ड्रोनचं थेट चित्र. आपल्या राज्यात ड्रोनची गस्त जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत एखादा ठिपका संथपणे एकाच पट्ट्यात येरझाऱ्या घालू लागला, की जाळं ओढत असल्याचा संशय घ्यायचा. एलसीडी पडदे जोडले की मध्ये काळी रेघ राहते, एलईडीत सांधा दिसत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण रेघेआड एखादी बोट नजरेतून सुटू शकते.

ट्रान्सपाँडर बंद केला की ठिपका गायब. तिथे ड्रोनच हवा. आणि सांगलीच्या बाजारात बोटाएवढं पापलेट दिसलं तर घेऊ नका. ते अंडी घालण्याआधीच उचललेलं असतं.