स्फटिक हवा होता, दूध मिळालं!

नौपाड्यातून एक बीएस्सीवाला विचारतोय: कॅल्शियम क्लोराइडमध्ये ऑक्झॅलिक अ‍ॅसिड ओतलं की लगेच दुधासारखं पांढरं होतं, स्फटिक दिसतच नाही. चुकतंय कुठे?

चुकत काही नाहीये रे, तेच होणार. या दोघांतून बनणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट एक लिटर पाण्यात जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम विरघळतं, त्यामुळे दोघं भेटले की लाखो कण एकदम जन्मतात आणि मोठं व्हायला कोणाच्याच वाट्याला माल उरत नाही. तुरटीसारखं पाणी आटवूनही जमत नाही, विरघळलेलंच नाही तर आटवणार काय? म्हणून दोघांना हळूहळू भेटवायचं, मध्ये जेल ठेवून. सोडियम मेटासिलिकेटचं द्रावण घे, घनता १.०४ च्या आसपास, आणि ते थेंब थेंब ढवळत ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमध्ये टाक (उलटं केलंस तर जागच्या जागी गुठळ्या होतात). पीएच पाच-सहाच्या मध्ये आला की टेस्ट ट्यूबमध्ये भरून झाकून ठेव, घट्ट झालं की वरून कॅल्शियम क्लोराइड काचेच्या कडेने अलगद सोड. मग दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही. माझा एक अख्खा स्टँड गणपतीच्या साफसफाईत इकडचा तिकडे झाला, जेलला तडे गेले, त्या वर्षीचं काम तिथेच संपलं. आणि हो, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे, ग्लोव्हज घाल, स्वयंपाकघरातली भांडी तर अजिबात नको.

घणसोलीहून: जेल छान जमलं पण वरच पांढरी साय धरते, खाली काहीच नाही.

वरचं द्रावण फार स्ट्राँग आहे. १ मोलर असेल तर ०.५ करून बघा. नाहीतर ऑक्झॅलिक नसलेल्या जेलचा बोटभर थर मध्ये द्या, भेट खोलवर होते आणि तिथे खडे कमी पण मोठे येतात.

कोपरखैरणेहून: पोटॅशियम फेरिक ऑक्झॅलेटचे सुंदर हिरवे खडे खिडकीत ठेवले होते, पिवळे पडले!

खिडकीत कशाला ठेवलेत हो! उजेड पडला की त्यातलं फेरिक लोखंड फेरस होतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वर फेरस ऑक्झॅलेटची पिवळी पूड बसते. ते परत हिरवे होणार नाहीत. पुढच्या वेळी बाटलीला काळा कागद गुंडाळा.

खारघरच्या एक ताई: मुतखडा आणि अळूची खाज, दोन्हीत हेच असतं म्हणे?

खरंय. बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेटचेच, आणि अळूत त्याच्याच सूक्ष्म सुया असतात, त्या घशाला टोचतात, म्हणून तर फदफद्यात चिंच किंवा आमसूल. पथ्याचं मात्र डॉक्टरांनाच विचारा, माझा अभ्यास टेस्ट ट्यूबपुरता.

पुन्हा नौपाडा: खडे आले तर मोनोहायड्रेट (एका रेणूमागे पाण्याचा एक रेणू) की डायहायड्रेट (दोन) कसं ओळखू?

आधी मायक्रोस्कोप. डायहायड्रेट दोन पिरॅमिड बुडाला जोडल्यासारखं, वरून बंद पाकिटासारखं दिसतं. खात्री हवी तर टीजीए, म्हणजे तापवत तापवत वजन किती घटतं ते मोजायचं. मोनोहायड्रेट तापवलं की आधी पाणी जातं, वजन १२.३ टक्के घटतं, मग कार्बन मोनॉक्साइड १९.२, शेवटी कार्बन डायऑक्साइड ३०.१ आणि मागे चुना. डायहायड्रेट असेल तर पहिलीच घट २२ च्या आसपास. पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (तिथली उपकरणांची चाचणी सुविधा) सॅम्पल देणार असशील तर खडे आधी नीट धू, चिकटलेल्या जेलमधलं पाणी पण त्याच टप्प्यात उडतं आणि साधं मोनोहायड्रेट डायहायड्रेट असल्याचा आव आणतं.