आजोबांचं जुनं खोगीर पुन्हा वापरता येईल का?

माळ्यावर आजोबांचं खोगीर, लगाम आणि रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, सापडल्या. ते सामान आता घोडीवर चढवावं का, आणि जुना साज आजच्यापेक्षा खरंच चांगला होता का, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगतो. खोगीर चांगलं होतं, लगाम चांगला नव्हता.

आमच्याकडे घोडी होती, आजोबा तिच्यावरून आठवडी बाजाराला जायचे. दसऱ्याला तिची पूजा असायची आणि त्याआधी जीनगर, म्हणजे खोगीर शिवणारा कारागीर, घरी यायचा. देशी खोगीर म्हणजे कण्याच्या दोन बाजूंना दोन गाद्या, मध्ये मोकळी जागा. आत लाकडाचा किंवा लोखंडाचा सांगाडा नाही. उन्हाळ्यात वैरण कमी पडली की घोडीचं खांद्यामागचं मांस उतरायचं, मग जीनगर शिवण उसवून तिथे भर घालायचा. चिंध्या, लोकर, काथ्या, जे हाताशी असेल ते. आज लेखात ‘खोगीरभरती’ झाली म्हणून आपण नाक मुरडतो, पण त्या भरतीवरच घोडीची पाठ टिकायची. भरीच्या गाठी झाल्या की आठवड्यात पाठीला फोड.

आता खोगीर आधी स्वाराच्या बैठकीच्या मापाने मिळतं, 16, 17, 18 इंच. घोड्यासाठी बहुधा अरुंद, मध्यम, रुंद एवढंच. कानपूरला चांगली खोगिरं बनतात, ती नावाजलेलीही आहेत. माझा राग मापं न घेता घेतलेल्या स्वस्त खोगिरावर आहे. पण एक कबूल करतो, स्वार जड असेल किंवा पल्ला लांबचा असेल, तर आजच्या खोगिरातला नीट बसलेला सांगाडा वजन जास्त पसरवतो. नुसत्या गाद्यांवर रिकिबींचा सगळा भार एकाच जागी येतो.

तंगाबद्दल, म्हणजे खोगीर पोटाखालून बांधायच्या पट्ट्याबद्दल, आठवतं ते सांगायलाच हवं. तंग आवळताना आमची घोडी पोट फुगवून उभी राहायची. आजोबा घाई करत नसत. तिला दहा पावलं चालवायचे आणि मग दोन भोकं अजून ओढायचे. मी एकदा तेवढं केलं नाही. ओढ्याच्या उतारावर खोगीर फिरलं आणि मी पाण्यात. घोडी मात्र शांतपणे पाणी पीत होती.

आता लगाम. तुमच्या लगामाची तोंडातली कडी बोटाने चाचपून बघा. त्यावर काटे असतील तर तो भिंतीवर लावा, घोड्याच्या तोंडात नको. आमच्याकडचा तसाच होता. लहानपणी मला त्याच्या पितळी फुल्या फार आवडायच्या, घोडीच्या जिभेवरचे वण बरेच उशिरा दिसले. गंजून खडबडीत झालेली साधी कडीही तशीच वाईट.

खोगीर तपासताना चामड्याआधी शिवण बघा, कारण दोरा आधी कुजतो. तंगाचे पट्टे दोन्ही हातांनी झटका देऊन ओढा आणि दुमडतात तिथे भेगा आहेत का बघा. शंका आली तर पट्टे नवे घाला, बाकीचं जुनं राहू द्या. सांगाड्याचं खोगीर असेल तर पुढून-मागून धरून दाबा. करकरलं किंवा मधेच वाकलं, तर सांगाडा तुटलाय. पांढरी बुरशी ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग खोगिराचा साबण आणि थोडं तेल लावा. उन्हात ठेवलंत तर चामडं पापडासारखं होईल. तेलही बेताने, जास्त मुरलं की पट्टा ताणला जातो.

रिकिबी चांगल्या लोखंडाच्या असतील तर बिनधास्त वापरा, फक्त तुमचा बूट त्यात दोन्ही बाजूंना बोटभर सैल बसला पाहिजे. जुन्या रिकिबी अरुंद असतात. पडताना पाय अडकला, तर घोडा फरफटत नेतो.

आणि खोगीर खुंटीला टांगू नका, मधोमध मुडपतं. जाड बांबू आडवा बांधून त्यावर ठेवा, वर जुनी चादर टाका आणि महिन्यातून एकदा उचलून बघा. आमच्या खोगिराच्या एका गादीत उंदरांनी घर केलं होतं, आणि भरतीतली लोकर त्यांना जीनगरापेक्षाही जास्त आवडली होती.