कडक बिअरचा नाद: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांत दहा टक्क्यांच्या वरच्या बिअरविषयीची पत्रे सर्वांत जास्त होती. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (न्यू जर्सी): बार्लीवाइनसाठी (दाट, कडक बिअरचा प्रकार) ११ किलो माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि १ किलो साखर घेऊन २० लिटर वर्ट (न आंबलेला गोड रस) काढला. सुरुवातीची घनता १.१२० (पाण्याची १.०००; साखर जास्त तशी घनता जास्त). ११.५ ग्रॅमचे एक पाकीट यीस्ट टाकले. दहाव्या दिवसापासून घनता १.०५० वर अडली आहे. शॅम्पेन यीस्ट टाकून पाहिले, काडीचाही फरक नाही. आता काय?

आधी १.०५० हा आकडा कशावर वाचला ते पाहा. रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारे यंत्र) वाचला असेल तर तो फसवा आहे. अल्कोहोल तयार झाल्यावर हे यंत्र घनता बरीच जास्त दाखवते, त्यामुळे खरा आकडा १.०३० च्याही खाली असू शकतो. नमुना हलवून त्यातला वायू काढा आणि हायड्रोमीटरने (द्रवात तरंगणारी घनतामापक नळी) मोजा.

हायड्रोमीटरही १.०५० च दाखवत असेल, तर बिघाड पहिल्याच दिवशी झाला. एवढ्या दाट वर्टला दर मिलिलिटरमागे, दर प्लेटो अंशामागे (वर्टमधल्या साखरेच्या टक्केवारीचे माप) निदान १० लाख यीस्ट पेशी लागतात. १.१२० म्हणजे सुमारे २८ अंश प्लेटो. २० लिटरला हा हिशेब ५६ हजार कोटी पेशींवर जातो. एका ग्रॅममध्ये १,००० कोटी जिवंत पेशी धरल्या, तर तुमच्या पाकिटात साडेअकरा हजार कोटी होत्या. म्हणजे गरजेच्या पाचव्या हिश्शावर काम रेटले.

दुसरे कारण प्राणवायू. अल्कोहोल पेशीच्या आवरणावर घाव घालते. ते आवरण चिवट ठेवायला यीस्टला स्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले लागतात, आणि ती बनवायला सुरुवातीचे काही तास प्राणवायू हवा. डबा नुसता हलवून दाट वर्टमध्ये पुरेसा प्राणवायू मुरत नाही. ०.५ मायक्रॉनच्या सच्छिद्र दगडातून (वायूचे बारीक बुडबुडे सोडणारे टोक) शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला १ लिटर या गतीने दीड मिनिट सोडावा, आणि १२ ते १८ तासांनी तेवढाच पुन्हा. त्यानंतर मात्र अजिबात नाही. आता तुमच्या बिअरला हवा लावलीत तर ओल्या पुठ्ठ्याची चव येईल, बाकी काही होणार नाही.

तिसरे, साखर सुरुवातीलाच ओतली. यीस्ट आधी सोप्या साखरेवर तुटून पडते, आणि ती असेपर्यंत माल्टोज (माल्टमधली मुख्य साखर) पचवायची तयारी मागे ढकलते. माल्टोजची पाळी येते तेव्हा भोवती अल्कोहोल साचलेले असते.

शॅम्पेन यीस्ट टाकले की अडलेली बिअर सुटते, हा गैरसमज फार पसरला आहे. ईसी-१११८ ही शॅम्पेन यीस्टची जात अठरा टक्के अल्कोहोल सोसते हे खरे. पण अडलेल्या बिअरमध्ये बहुधा माल्टोट्रायोज (माल्टमधली पचायला अवघड साखर) उरलेले असते, आणि ते या यीस्टला नीट पचत नाही. शिवाय ही ‘किलर’ जात आहे. तिचे विष बिअरच्या यीस्टला मारते, म्हणजे जी थोडी मजूर माणसे कामावर होती तीही गेली.

सुटकेआधी एक चाचणी करा. २०० मिली बिअर वेगळी काढा, त्यात ताज्या एल यीस्टचे (उबदार तापमानात आंबवणारे बिअरचे यीस्ट) अख्खे पाकीट टाका आणि तीन दिवस २५ अंशांवर ठेवा. घनता उतरली तर पचण्याजोगी साखर शिल्लक आहे. उतरलीच नाही तर मॅश (गरम पाण्यात भिजवलेला माल्ट) फार गरम झाला असावा आणि उरलेली साखर यीस्टच्या आवाक्याबाहेरची आहे. मग आहे तशी गोड बिअर पिण्यावाचून इलाज नाही.

घनता उतरली तर डब्ल्यूएलपी ०९९ सारख्या, जास्त अल्कोहोल सोसणाऱ्या यीस्टचा २ लिटर स्टार्टर (थोड्या वर्टमध्ये आधीच वाढवलेले यीस्ट) १.०४० घनतेवर करा. तो फेसाच्या ऐन भरात असताना त्यात अडलेली बिअर १२ तासांत थोडी थोडी मिसळा, म्हणजे पेशींना अल्कोहोलची सवय होईल. मगच सगळे मुख्य डब्यात ओता आणि तापमान २० ते २२ अंश ठेवा. कोरडे पाकीट थेट दहा टक्क्यांच्या बिअरवर भुरभुरणे म्हणजे पैसे पाण्यात. ईसी-१११८ आधीच आत असल्याने यशाची हमी देत नाही.

पुढच्या खेपेला ११ किलो माल्टचा मॅश ६४-६५ अंशांवर ९० मिनिटे ठेवा, किलोमागे अडीच लिटर पाणी. माल्टमधून साखर निघण्याची कार्यक्षमता साठ टक्क्यांवर धरा, कारण दाट मॅशमधून याहून फारसे निघत नाही. यातून साधारण १.१०० मिळेल, म्हणजे यीस्टची किमान चार पाकिटे. आंबवण १८ अंशांवर सुरू करा आणि तिसऱ्या दिवसानंतर हळूहळू २१ पर्यंत चढू द्या. सुरुवातीलाच २५-२६ वर गेली तर फ्यूजल अल्कोहोले (नेहमीच्या अल्कोहोलपेक्षा जड, झोंबणारी) वाढतात आणि घशाला जाळणारी, नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण देणारी बिअर मिळते. घनता १.०५० ला आली की साखर सुरू करा: रोज २५० ग्रॅम, तेवढ्याच पाण्यात उकळून गार केलेली, चार दिवस. दर खेपेला घनता सुमारे ५ अंकांनी (०.००५) चढेल. ती उतरल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका. एअरलॉकऐवजी (वायू बाहेर सोडणारी छोटी झडप) जाड नळी लावा, नाहीतर फेस छताला लागेल.

हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) नेहमीच्या मापाने टाकू नका. कडवटपणा मोजण्याच्या टिन्सेथच्या सूत्राप्रमाणे १.१२० च्या वर्टमध्ये हॉप्सचा कडवटपणा १.०५० च्या तुलनेत जेमतेम निम्मा उतरतो.

प्रश्न (टोरोंटो): घनता १.१२० वरून १.०३० ला आली. अल्कोहोल किती टक्के?

फरकाला १३१.२५ ने गुणायचे नेहमीचे सूत्र ११.८ सांगते. बॉलिंगच्या समीकरणाने १२.३ येते आणि एवढ्या घनतेला तेच जास्त विश्वासार्ह.

प्रश्न (नाशिक): ६७.५ टक्क्यांची बिअर यीस्टने होते का? दहा टक्क्यांची बिअर फ्रीजरमध्ये ठेवून किती चढते? मिथेनॉलचा धोका असतो का?

यीस्टच्या बळावर २५-३० टक्क्यांपुढे कुणी गेल्याचे दिसत नाही. सॅम्युअल ॲडम्सची ‘ट्रिपल बॉक’ १९९४ मध्ये १७.५ टक्के होती, ‘युटोपियाज’ २००२ मध्ये २४ वर आणि २०२१ मध्ये २८ वर पोहोचली. झुरिकच्या ह्यूर्लिमानने १९७९ पासून दर ६ डिसेंबरला बनवलेली ‘सामिक्लाउस’ १४ टक्क्यांची, तीही लागर यीस्टवर (थंडीत आंबवणारे यीस्ट). आमच्या मते खरी कारागिरी इथे आहे.

त्यापुढची शर्यत बर्फाची. पाणी आधी गोठते, अल्कोहोल द्रवात राहते, बर्फ काढून टाकायचा. जर्मनीच्या शोर्शब्रॉयने ३१ टक्के गाठले. नोव्हेंबर २००९ मध्ये स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने ३२ टक्क्यांची ‘टॅक्टिकल न्यूक्लियर पेंग्विन’ आइस्क्रीमच्या कारखान्यात गोठवून काढली. मग ४०, ४१, ४३ असे एकमेकांवर चढवत जुलै २०१० मध्ये ५५ टक्क्यांची ‘द एंड ऑफ हिस्ट्री’ आली, भुसा भरलेल्या स्टोट (मुंगसासारखा छोटा प्राणी), खारी आणि सशाच्या अंगात बाटली घालून. हा भाग बिअरचा कमी, जाहिरातीचा जास्त. ६७.५ हा आकडा स्कॉटलंडच्याच ब्रूमाइस्टरच्या २०१३ च्या ‘स्नेक व्हेनम’चा. नुसता बर्फ काढून तिथे पोहोचायला उणे ४० अंशांच्याही खाली जावे लागते.

दहा टक्के अल्कोहोलचे मिश्रण उणे ४ च्या आसपास गोठू लागते, वीसचे उणे ९, तीसचे उणे १५. म्हणून घरच्या उणे १८ च्या फ्रीजरची मजल तिशीच्या थोडी पुढे, आणि उणे २० ला ‘पेंग्विन’चे ३२ नीट जुळतात. २० लिटर दहा टक्के बिअरमधून तीस टक्क्यांची फार तर ६.७ लिटर निघेल, प्रत्यक्षात कमी, कारण बरीच बिअर बर्फात अडकते. कडवटपणा, गोडी, फ्यूजल अल्कोहोले सगळेच जवळजवळ तिप्पट होते. सदोष बिअर गोठवून चांगली होत नाही, दोषच दाट होतो. बार्लीच्या बिअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते, त्यामुळे खरी डोकेदुखी फ्यूजलची. ऊर्ध्वपातनात पहिली आणि शेवटची धार वेगळी काढता येते, तशी सोय इथे नाही.

पण हे समजून घेण्यापुरतेच. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे, मग ते दोन टक्के असो वा तीस. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर मोकळी झाली, पण गोठवून दाट करणे त्या सवलतीत बसत नाही.

प्रश्न (नागपूर): आपल्याकडे ‘स्ट्राँग’ आठ टक्क्यांवरच का थांबते?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत बिअरची कमाल मर्यादा ८ टक्के आहे. ५ पर्यंत नेहमीची, ५ ते ८ स्ट्राँग. त्यापुढचे पेय बिअर या नावाने विकता येत नाही.

प्रश्न (लीड्स): १३ टक्क्यांची बिअर साखर घालून बाटलीत भरली. दोन महिने झाले, वायूच नाही.

महिनोन्‌महिने अल्कोहोलमध्ये बसलेले यीस्ट थकलेले असते. बाटल्या २० अंशांच्या वर ठेवून आणखी दोन महिने वाट पाहा. तोवर जास्तीची साखर घालू नका: यीस्ट उशिरा जागे झाले तर बाटल्या फुटतील. पुढच्या वेळी भरताना ताजे ईसी-१११८ मिसळा. इथे ते योग्य, कारण पचवायची असते फक्त साधी साखर. मात्र आंबवण खरोखर संपली आहे याची खात्री करा. केग (दाब सोसणारे धातूचे पिंप) असेल तर वायू बाहेरून देणे सगळ्यांत सोपे.