1850च्या आधी माग हरवलेला अ‍ॅपलाचियन पूर्वज कसा शोधावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यजमानांच्या खापरपणजोबांचे वडील 1850च्या जनगणनेत अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या पूर्व केंटकीत, लेचर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) सापडतात. वय 35, शेतकरी, जन्म नॉर्थ कॅरोलायना. त्याआधीचा कागद नाही, आईवडिलांची नावं नाहीत, आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की त्यांची आई चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीतली होती.

लग्न होऊन मी केंटकीत आले आणि सासूबाईंच्या माहेरचा शोध घेताना या कागदांची ओढ लागली, ती अजून आहे. त्यांचं माहेर तुमच्या शेजारच्याच नॉट काउंटीतलं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

जन्मदाखल्याचा नाद आधी सोडा. केंटकीत राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद नीट सुरू झाली 1911 साली, नॉर्थ कॅरोलायनात 1913 साली. चर्चमध्येही जन्माची नोंद मिळायची नाही, कारण या डोंगरांत बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती जास्त आणि ते तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वहीत घराण्याची नामावळी एका जागी मिळते, तशी सोय इथे नाही. माणूस तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो, आणि माझा अनुभव असा की हे तुकडे त्याच्या स्वतःच्या नावाखाली क्वचितच असतात. ते असतात मेव्हण्याच्या, शेजाऱ्याच्या, सोयऱ्याच्या नावाखाली.

म्हणून ती 1850ची यादी पुन्हा उघडा. गणना करणारा घरोघर फिरत लिहीत जायचा, त्यामुळे यादीतला क्रम हा बहुतेक शेजाराचा क्रम असतो. तुमच्या घराच्या वरची दहा आणि खालची दहा घरं उतरवून घ्या, जन्मराज्यांसकट. डोंगर ओलांडून कोणी सहसा एकटं येत नसे. भाऊ, मेव्हणे, एकाच चर्चमधली कुटुंबं मिळून यायची. 1840पर्यंतच्या गणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी दाखवलेली. तेव्हा तुमचे पूर्वज बापाच्या घरातला एक आकडा असतील, पण शेजाऱ्यांपैकी कोणीतरी नावानिशी सापडेल. आणि 1850च्या यादीत नातं लिहिलेलं नसतं, हेही विसरू नका. घरातली सगळी मुलं त्यांचीच असतील असं नाही. नात्याचा रकाना आला 1880ला.

काउंटीच्या हद्दीही तपासा. लेचर काउंटी झाली 1842 साली, पेरी आणि हार्लन यांच्यातून. म्हणजे 1840चा शोध त्या दोन काउंट्यांत घ्यायचा. पुढे 1884ला लेचरचाही एक तुकडा नॉटमध्ये गेला. कुटुंब एकाच ओढ्याकाठी राहिलं तरी कचेरी बदलत गेली. नॉर्थ कॅरोलायनातही तेच: अ‍ॅश काउंटी 1799ला विल्क्समधून निघाली, वटॉगा 1849ला.

आता जमीन. मला सगळ्यात जास्त मिळालं ते इथेच. केंटकी राज्याच्या लँड ऑफिसमध्ये सरकारने दिलेल्या जमिनींचे कागद आहेत, आणि तिथे ओढ्याच्या नावावरूनही शोध घेता येतो. खरेदीखतातली चतुःसीमा अशी असते: ओढ्याच्या मुखाशी असलेल्या दोन बीचच्या झाडांपासून सुरुवात, तिथून चढाने इतके पोल पांढऱ्या ओकपर्यंत, मग डोंगराच्या धारेने अमक्याच्या हद्दीपर्यंत. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. मोजणीच्या कागदावर जमीन मोजायची साखळी धरणाऱ्या दोघांची नावं असतात, त्यांच्यावर बोट ठेवा. हे काम बहुधा घरच्याच माणसांकडून करून घेत. आमच्याकडे साखळी धरणारा एक जण बायकोचा सख्खा भाऊ निघाला, आणि त्याच्यावरून तिचं माहेर लागलं. लग्नाआधी लिहून दिलेल्या हमीपत्रावरचा जामीनदारही असाच बघा, तो पुष्कळदा मुलीचा बाप किंवा भाऊ असतो.

तुमच्या पूर्वजांचे मुलगे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (1861-65) वयाचे होते. केंटकी युनियनमध्ये, म्हणजे उत्तरेच्या बाजूला राहिलं तरी या डोंगरी काउंट्यांतून युनियन आणि फुटून निघालेल्या दक्षिणेची कॉन्फेडरेट बाजू, दोन्हीकडे लोक लढले. युनियनच्या सैनिकांच्या पेन्शन फाइली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. कॉन्फेडरेट सैनिकांना केंटकीने 1912 पासून पेन्शन दिली. विधवेला किंवा मुलावर अवलंबून असलेल्या आईला नातं सिद्ध करावं लागे, आणि दाखला नसल्यामुळे शेजारीपाजारी शपथेवर सांगत. आमच्या एका फाइलीत सुईणीची जबानी आहे. सहीच्या जागी फुली, आणि मूल मक्याच्या खुडणीच्या वेळी झालं एवढंच तिला आठवतंय. एरवी कुठेही शब्द न उमटलेल्या बाईचं बोलणं असं वाचायला मिळतं, त्यासाठी नकलेचे पैसे जरूर खर्च करा.

चेरोकी आजीची गोष्ट या भागात घराघरात आहे. ती खोटी म्हणून टाकू नका, पण कागदाशिवाय वंशावळीतही घालू नका. 1906नंतर पूर्वेकडच्या चेरोकींच्या नुकसानभरपाईसाठी सुमारे 46,000 अर्ज आले, ते गियन मिलर अर्ज म्हणून ओळखले जातात. त्यांत अर्जदाराने आजी-आजोबांची नावं आणि राहण्याची ठिकाणं दिलेली असतात. तुमच्या आडनावाच्या कोणी अर्ज केला होता का ते बघा. नामंजूर झालेला अर्जही वंशावळीसाठी फार मोलाचा. इंटरनेटवरच्या तयार वंशावळींत मात्र एकाची चूक शंभर जणांनी उतरवलेली असते. तिथलं नाव मूळ कागद दिसेपर्यंत धरू नका.

पण या सगळ्याच्या आधी एक करा. खापरपणजोबा आणि त्यांची सगळी भावंडं यांच्यापैकी 1911नंतर कोण वारलं ते काढा आणि प्रत्येकाचा मृत्यूदाखला मिळवा. त्यावर बापाच्या नावासोबत आईच्या माहेरच्या आडनावाचा रकाना असतो. एका दाखल्यावर तो कोरा असेल, दुसऱ्यावर भरलेला असेल. ते आडनाव तुमच्या वीस शेजाऱ्यांच्या यादीत आहे का बघा, आणि यादी इथे टाका. त्या ओढ्याकाठची बरीच घराणी माझ्या पाहण्यातली आहेत.