झाकण उघडलं की वायफाय गुल

प्रश्न : ताई, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. कॉलेजातून झाकण मिटून निघतो, घरी येऊन उघडतो तर वायफाय गायब. ड्रायव्हर काढून परत चढवला की लगेच येतं. ते आपोआप व्हावं म्हणून एका जुन्या पुस्तकात बघून स्क्रिप्ट लिहिली आणि ‘ईटीसी’तल्या ‘पीएम’ फोल्डरात, ‘स्लीप.डी’मध्ये टाकली. हाताने चालवली की चालते, लॅपटॉप झोपून उठला की ढिम्म. काय चुकलं?
– एक विद्यार्थी, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : बाप्पा, तुझा पत्ताच जुना! तो पीएम-युटिल्सच्या, म्हणजे लॅपटॉप झोपवण्या-उठवण्याच्या जुन्या साधनांच्या काळातला. उबुंटूने एप्रिल २०१५ मध्ये, १५.०४ पासून, सिस्टिमडी घेतलं; आता झोपणं-उठणंही तेच सांभाळतं. त्या फोल्डरात आता कोणी डोकावत नाही. एररही येत नाही, म्हणून माणूस आपल्याच ओळी तपासत बसतो.

आता जायचं ‘यूएसआर’, मग ‘लिब’, मग ‘सिस्टिमडी’, त्यात ‘सिस्टिम-स्लीप’. पण फाइल नुसती उचलून तिथे ठेवू नकोस. पूर्वी स्क्रिप्टला झोपताना ‘सस्पेंड’ आणि उठताना ‘रिझ्यूम’ असा शब्द मिळायचा. आता पहिला शब्द झोपताना ‘प्री’, उठताना ‘पोस्ट’. ‘सस्पेंड’ दुसऱ्या जागी गेला, आणि तो दोन्ही वेळा तोच असतो. तुझी स्क्रिप्ट ‘रिझ्यूम’ची वाट बघत बसेल आणि तो काही येणार नाही. म्हणून ‘केस’ची अट पहिल्या शब्दावर लाव : ‘प्री’ आला की ‘मॉडप्रोब वजा आर’ ही आज्ञा देऊन ड्रायव्हर काढ, ‘पोस्ट’ आला की चढव. (फाइलमध्ये हे सगळं रोमन लिपीत, लहान अक्षरांत. मासिक देवनागरी आहे, तुझा शेल नाही.)

पहिल्या ओळीत कोणता शेल (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम) ते लिही, फाइलला सीएचमॉड करून चालण्याची परवानगी दे. आतल्या आज्ञांना सुडो नको, स्क्रिप्ट रूट म्हणजे सर्वाधिकारी म्हणूनच चालते.

‘प्री’मध्ये लांबलचक काम मात्र कोंबू नकोस. स्क्रिप्ट संपेपर्यंत लॅपटॉप झोपत नाही. मी तिथे पेनड्राइव्हवर बॅकअप घ्यायची ओळ टाकली होती. सीताबर्डीत काम आटोपलं, झाकण मिटलं, झोपला असं समजून पेनड्राइव्ह ओढला. घरी बघते तर हिशेबाची फाइल अर्धीच! सिस्टिमडीचं मॅन्युअलही या स्क्रिप्टांना जुगाडच समजतं, फक्त आपल्या मशीनपुरतं वापरा म्हणतं. तुझ्या कामाला तेवढं पुरे.

तपासायला ‘प्री’ आणि ‘पोस्ट’ दोन्हीकडे एकेक ‘एको’ (ओळ छापायची आज्ञा) टाक, ‘सिस्टिमसीटीएल सस्पेंड’ देऊन लॅपटॉप झोपव, उठव, आणि जर्नलसीटीएलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, सिस्टिमडी-सस्पेंड सर्व्हिसची नोंद बघ. दोन्ही ओळी दिसायला हव्यात. एकच दिसली तर दुसऱ्या शब्दाचं स्पेलिंग बघ. एकही नाही, तर परवानगी द्यायची राहिली असेल.