क्रूसारोहणाची तारीख: आधी इतिहास, मग चंद्र, ग्रहण सर्वांत शेवटी

प्रश्न होता: जुनं ग्रहण शोधून येशूच्या क्रूसारोहणाची तारीख काढता येईल का? नुसत्या ग्रहणावरून नाही.

आधी काळाची चौकट घाला. येशूला क्रूसाची शिक्षा देणारा रोमन सुभेदार पंतय पिलात यहूदियावर (यरुशलेमभोवतीचा रोमन प्रांत) होता इ.स. 26 ते 36. शुभवर्तमान (येशूचं चरित्र) लिहिणारा लूक सांगतो की बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याच्यानंतर येशूचं कार्य सुरू झालं, तो रोमन सम्राट तिबिर्य कैसराच्या 15व्या वर्षी पुढे आला. त्याच्या आधीचा सम्राट ऑगस्टस 19 ऑगस्ट, इ.स. 14 रोजी वारला, म्हणजे ते वर्ष साधारण 28-29.

वार शुक्रवार. योहानाच्या शुभवर्तमानात (हा योहान वेगळा) तो निसान 14 येतो, इतर तीन शुभवर्तमानांत 15. निसान हा ज्यूंचा वसंतातला महिना, त्यातच त्यांचा वल्हांडण सण येतो. इथे बरेच जण आजची गणिती ज्यू दिनदर्शिका मागे नेतात आणि फसतात. त्या काळी अमावास्येनंतरची चंद्रकोर डोळ्यांना दिसली की महिना लागायचा, आणि दिवस सूर्यास्ताला बदलायचा. म्हणून यरुशलेमसाठी (जेरुसलेम) अमावास्या काढा, मग कोर कोणत्या संध्याकाळी दिसली असती ते पाहा. इ.स. 33 मध्ये अमावास्या 19 मार्चला दुपारी होती. कोर 20च्या संध्याकाळी दिसण्याजोगी, म्हणून 21 मार्च हा निसान 1 आणि शुक्रवार, 3 एप्रिल हा निसान 14. याच रीतीने इ.स. 30 मध्ये 7 एप्रिल येतो. दोन्ही तारखा ज्युलियन (जुन्या रोमन) दिनदर्शिकेतल्या आहेत. ढगांमुळे कोर हुकली तर वार एकाने सरकतो. शिवाय अधिक महिना आपल्यासारखा ठरलेल्या गणिताने नव्हे, ऋतू आणि पीक पाहून धरत, तोही धोका लक्षात ठेवा.

सॉफ्टवेअर वापरताना पृथ्वीचं परिवलन (स्वतःभोवती फिरणं) मंदावल्याची दुरुस्ती चालू आहे ना, ते तपासा. त्या काळासाठी ती सुमारे 2 तास 50 मिनिटं आहे. ती सुटली तर ग्रहण कुठून दिसलं हेच चुकतं.

आता ग्रहण. वल्हांडण पौर्णिमेच्या सुमारास येतो, त्यामुळे सूर्यग्रहण अशक्यच. शिवाय शुभवर्तमानांत क्रूसावेळी पडल्याचं सांगितलेला अंधार तीन तासांचा आहे आणि खग्रास अवस्था साडेसात मिनिटांपलीकडे जात नाही. 24 नोव्हेंबर 29 चं सूर्यग्रहण खरं आहे, पण वल्हांडण वसंतात असतो. 3 एप्रिल 33 ला खंडग्रास चंद्रग्रहण झालं, मात्र यरुशलेमला चंद्र उगवला तेव्हा ते सुटत आलं होतं. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र चंद्र रक्तासारखा होण्याबद्दल बोलतो खरा, पण ते जुन्या काळच्या योएल संदेष्ट्याचे शब्द आहेत. त्यावर तारीख टेकवू नये.

माझा कल 33 कडे आहे, आणि त्याचं कारण ग्रहण नाही. योहानाचं शुभवर्तमान तीन वल्हांडण नोंदवतं. 15वं वर्ष 28-29 धरलं तर ते 30च्या आत बसत नाहीत. 30 हवं असेल तर तिबिर्याची वर्षं आधीपासून मोजावी लागतात, म्हणजे 15वं वर्ष 27च्या शरदातच सुरू झालं असं मानावं लागतं.